घासण्याआधी नीट पाहा

सौंसरला मामांकडे एक आखूड बंदूक आहे. घरचे सांगतात, ती सीताबर्डीच्या लढाईतली, म्हणजे नोव्हेंबर 1817 ची. खंडेनवमीच्या आधी मामांनी ती विटेच्या भुकटीनं घासून लख्ख केली. विचारलं तर म्हणाले, "पूजेत ठेवाची होती ना बे, जंगलेली कशी ठेवू?"

अशी बंदूक तपासायची कशी, ते मी त्यानंतर पांढुर्ण्याच्या एका जुन्या कारागिराकडून शिकलो. उशीरच झाला म्हणा.

आधी ती भरलेली आहे का ते पाहायचं. ठासणीच्या बंदुकीतली जुनी दारूही पेटू शकते. नळीचं तोंड स्वतःकडे न धरता आत लाकडी काडी सोडायची, तोंडाशी खूण करायची आणि काडी बाहेरून नळीला लावून पाहायची. टोक कानापर्यंत, म्हणजे आग आत जाते त्या छिद्रापर्यंत पोचलं तर नळी रिकामी. अलीकडेच थांबलं तर हात लावू नका, जाणकाराला बोलवा.

मग ती स्वाराची आहे का? घोड्यावर लांब नळी झेपत नाही. ब्रिटिश घोडदळाच्या पॅजेट कार्बाईनची नळी जेमतेम 16 इंचांची. डाव्या अंगाला लोखंडी दांडी, तिच्यावर पट्ट्याला अडकवायची सरकती कडी. गज नळीलाच जोडलेला, दौडीत पडू नये म्हणून. आमच्या बंदुकीला दांडी आहे, कडी गेली, गज तुटलाय.

खरी गंमत चापाच्या पट्टीत आहे. आमची बंदूक टोपीची, आणि टोप्या ब्रिटिश फौजेत आल्या 1840 च्या आसपास. मग सीताबर्डीची गोष्ट खोटी? तसंही नाही. पुष्कळ चकमकीच्या बंदुका पुढे टोपीच्या करून घेतल्या गेल्या. तेव्हा रंजकाचा पेला काढला की पट्टीवर बुजवलेली भोकं राहतात. आमच्या पट्टीवर तशी दोन आहेत. मला तो दोष वाटला होता. तोच तिचा जन्मदाखला निघाला, पण अर्धाच. उरलेला अर्धा शिक्क्यात असतो. बंदूक कंपनीची असेल तर मागच्या पायांवर उभा, मुकुट धरलेला सिंह हवा. तिथं आता आरसा झालाय. भिंग लावून, तिरपा उजेड टाकून पाहिलं. शेपटीसारखी एक रेघ दिसते. की विटेचा ओरखडा?

म्हणून घट्ट बसलेला तपकिरी थर राहू द्या. मऊ फडकं आणि थेंबभर तेल पुरे.

दुरुस्त करूनही न चालणाऱ्या जुन्या शस्त्रांना 1959 च्या शस्त्र कायद्याचं 45 वं कलम सूट देतं. आपली बंदूक त्यात बसते का, हे मात्र घरी ठरवायचं नसतं. मामा सोमवारी ठाण्यात विचारायला जाणार आहेत.