निराधार बालकांचे संगोपन

आईवडिलांचे छत्र हरपलेल्या, त्यांनी टाकून दिलेल्या अथवा दारिद्र्य, आजार, स्थलांतर वा आपत्ती यांमुळे स्वतःच्या घरी नीट वाढू न शकणाऱ्या मुलांचे पालनपोषण, रक्षण व शिक्षण यांसाठी धर्मादाय संस्थांनी आणि शासनाने केलेली व्यवस्था. भारतासारख्या विकसनशील देशात या कार्याची दोन रूपे आढळतात : मुलास घराबाहेर काढून संस्थेत वाढविणे आणि मुलास घरीच ठेवून त्या घरास आधार देणे. पहिले रूप जुने, डोळ्यांना दिसणारे व देणगीदारास भावणारे आहे. दुसरे कमी खर्चाचे व बहुधा अधिक हिताचे असूनही दीर्घकाळ उपेक्षित राहिले. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः भारत व त्यातही महाराष्ट्र यांतील कार्याचा विचार केला आहे.

संज्ञा : व्यवहारात ‘अनाथ’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. भारतीय कायद्याने (२०१५) मात्र संस्थेच्या दारी येणाऱ्या मुलांत तीन वर्ग वेगळे केले आहेत : आईवडील वा कायदेशीर पालक नसलेले अनाथ बालक, पालकांनी टाकून दिलेले परित्यक्त बालक, आणि सांभाळ करण्यास असमर्थ असलेल्या पालकांनी बालकल्याण समितीपुढे रीतसर स्वाधीन केलेले बालक. आंतरराष्ट्रीय आकडेवारीतील व्याख्या याहून व्यापक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या बालक निधीच्या (युनिसेफ) गणनेत आई किंवा वडील यांपैकी एक जरी हयात नसेल, तरी मूल अनाथ धरले जाते. या हिशेबाने २०१५ मध्ये जगात सु. १४ कोटी अनाथ मुले होती. परंतु त्यांपैकी दोन्ही पालक गमावलेली मुले सु. १ कोटी ५१ लाख, म्हणजे नऊ-दहांत एक एवढीच होती. उरलेल्या मुलांची आई वा बाप जिवंत होता. पहिला आकडा वाचून अनाथालयांची निकड वाटते; दुसरा ध्यानी घेतल्यास विधवा मातेच्या उपजीविकेचा प्रश्न पुढे येतो. या क्षेत्रातील पुष्कळ देणग्या पहिल्या आकड्याच्या प्रभावाखाली दिल्या गेल्या आहेत.

पूर्वपीठिका : पारंपरिक हिंदू समाजात पोरक्या मुलाचा भार चुलते, आजोळ वा गावकी यांवर पडे. माधुकरी व वार लावून जेवणे यांमुळे गरीब ब्राह्मण विद्यार्थ्यांची सोय होई. दत्तकाची प्रथा प्राचीन असली, तरी तिचा हेतू वंशसातत्य व पिंडदान हा होता. मुलाचे कल्याण हा तिचा प्रेरक विचार नव्हता, आणि मुलगी दत्तक घेण्याची रूढी सामान्यतः नव्हती. आप्तांकडील सांभाळ सर्वत्र मायेचा असे, असेही मानण्याचे कारण नाही. ज्या मुलाचा जन्मच कुटुंबाला लपवावासा वाटे, त्याला मात्र या व्यवस्थेत मुळीच जागा नव्हती. महाराष्ट्रातील आधुनिक बालकार्याचा आरंभ अशा मुलांपासून झाला.

महात्मा जोतीराव फुले (१८२७–९०) व सावित्रीबाई फुले (१८३१–९७) यांनी १८६३ मध्ये पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. पुनर्विवाहाची बंदी असलेल्या तरुण विधवांनी तेथे गुप्तपणे बाळंत व्हावे, हवे तर मूल तेथेच ठेवावे, अशी सोय होती. फुले यांनी १८८४ मध्ये लिहिलेल्या टिपणात तोवर ३५ विधवा या गृहात आल्याचे नमूद केले आहे. त्यांच्या मुलांपैकी फक्त पाच जगली. गर्भ लपविण्यासाठी मातांनी घेतलेल्या विषारी औषधांमुळे पोटातच इजा होऊन तीस दगावली, असे त्यांनी नोंदविले. मूल संस्थेपर्यंत पोहोचते तेव्हा बराच उशीर झालेला असतो, हे या जुन्या नोंदीवरून जितके स्पष्ट होते तितके पुढच्या काळातील पुष्कळ अहवालांवरूनही होत नाही. या गृहात जन्मलेल्या यशवंतास फुले दांपत्याने १८७४ मध्ये दत्तक घेतले. तो पुढे डॉक्टर झाला. जन्मदात्रीची जात व वैधव्य यांकडे न पाहता मुलास घर देणारे हे दत्तकविधान आजच्या अर्थाने बालकेंद्री होते. पंढरपूर येथेही १८७५ मध्ये प्रार्थनासमाजाच्या मंडळींनी, लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने, असेच गृह व त्यास जोडून बालकाश्रम सुरू केला. तीर्थक्षेत्री आणून सोडलेल्या विधवा व अर्भके यांमुळे ते स्थळ निवडले गेले, हे उघड आहे.

दुष्काळांनी या कार्याचे स्वरूप पालटले. १८७६–७८, १८९६–९७ व १८९९–१९०० या दुष्काळांत मुले शेकड्यांनी पोरकी झाली वा भुकेमुळे आईबापांपासून दुरावली. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी स्थापिलेले शारदासदन पुढील वर्षी पुण्यास हलविले. पुढे मध्य प्रांत व गुजरात येथील दुष्काळपीडित मुली त्यांनी पुण्याजवळील केडगाव येथे आणल्या, आणि तेथील ‘मुक्ती’ची वस्ती विसाव्या शतकाच्या प्रारंभी जवळजवळ दोन हजारांवर गेली. ख्रिस्ती मिशनांची अनाथालयेही याच काळात वाढली. अन्नाबरोबर धर्मही दिला जातो, या आक्षेपातून आर्यसमाजादी हिंदू संस्थांनी स्वतःची अनाथालये उभारली. मुलांना आसरा मिळाला, हे त्यातून निष्पन्न झालेले खरे हित. परंतु त्या वादात मूल कोणत्या धर्माचे यावरच भर राहिला आणि ते कोणत्या घरचे, हा प्रश्न मागे पडला. सुकाळ आल्यावर मुलांना गावी परत पोहोचविण्याचे काम फारसे कोणी अंगावर घेतले नाही.

शासन व विधी : ब्रिटिश राजवटीने प्रथम या मुलांकडे सुव्यवस्थेच्या दृष्टीने पाहिले. १८५० च्या शिकाऊ उमेदवारांसंबंधीच्या कायद्यान्वये अनाथ व गरीब मुलांना धंदेशिक्षणासाठी कारागिरांकडे बांधून देता येई. मुंबईत १८५७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या नावाची औद्योगिक व सुधारशाळा निघाली. मद्रास (१९२०) व बंगाल (१९२२) यांच्या पाठोपाठ मुंबई इलाख्यात १९२४ साली बालकांचा कायदा झाला आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी १९२७ मध्ये मुंबईत बालकल्याणाची निमसरकारी संस्था, चिल्ड्रन्स एड सोसायटी, स्थापन झाली. गुन्हा केलेला मुलगा आणि ज्याच्याविरुद्ध गुन्हा घडला तो मुलगा, या दोघांना कायद्याने बराच काळ एकाच आवारात ठेवले. स्वातंत्र्योत्तर काळात अनाथालयांवर देखरेख ठेवणारा कायदा १९६० मध्ये संमत झाला. राष्ट्रीय बालधोरण १९७४ मध्ये जाहीर झाले. १९८६, २००० व २०१५ साली बाल न्याय अधिनियम झाले. भारताने बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय संहितेस (१९८९) ११ डिसेंबर १९९२ रोजी मान्यता दिली होती. २००० च्या अधिनियमापासून तिचा ठसा कायद्यावर स्पष्ट दिसतो. २०१५ च्या अधिनियमाने संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय होय, हे तत्त्व शब्दशः स्वीकारले. निर्णयाचा अधिकार जिल्ह्याच्या बालकल्याण समितीस (अध्यक्ष व चार सदस्य) आहे.

संस्थेतील वाढ : चांगल्या बालगृहातही मुलांमागे काळजीवाहक थोडे, पाळ्या बदलत्या आणि दिनक्रम घंटेवर चालणारा असतो. रेने स्पिट्झ या मनोविश्लेषकाने १९४० नंतरच्या दशकात अर्भकगृहांतील मुलांचे खुंटणे वर्णिले. जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या प्रबंधात मातृस्नेहाच्या अभावाचे परिणाम मांडले. निर्णायक पुरावा रूमानियातून आला. बूकारेस्ट येथील संस्थांतील १३६ लहानग्यांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकून प्रशिक्षित पालक कुटुंबांत ठेवण्यात आले व दोन्ही गटांचा वर्षानुवर्षे अभ्यास झाला. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी अधिक वाढली. दोन वर्षांच्या आत गेलेल्यांचा लाभ सर्वांत मोठा होता. भारतातील संस्था रूमानियातील तत्कालीन संस्थांसारख्या नाहीत, हे खरे. तथापि तान्ह्या मुलास एकच परिचित माणूस हवे असते, ही गरज देशागणिक बदलत नाही.

आर्थिक कारणही ध्यानात घेतले पाहिजे. शासकीय परिपोषण अनुदान दरडोई मिळत असल्याने खाटा भरलेल्या ठेवण्याकडे संस्थेचा कल होतो. शाळा, वसतिगृह व दोन वेळचे जेवण एके ठिकाणी मिळत असल्यास गरीब पालक होऊन मूल आणून सोडतात, आणि दाखल्यावर ‘निराधार’ असा शेरा पडतो. अशा पालकांना दोष देता येत नाही. सिंधुताई सपकाळ (१९४८–२०२२) यांच्यासारख्या, घरातून हाकललेल्या आईने इतरांच्या मुलांसाठी उभारलेल्या संस्थांचे मोल कमी लेखण्याचाही येथे हेतू नाही; ज्यांना खरोखर कोणी नाही, त्यांच्यासाठी संस्था लागतातच. आपत्तीच्या वेळी मात्र संस्थेची घाई टाळणे इष्ट ठरते. ३० सप्टेंबर १९९३ च्या लातूर-उस्मानाबाद भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सु. १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यास आणले. हा महाराष्ट्रातील अशा प्रकारचा सर्वांत मोठा प्रयत्न असावा. त्यानंतरच्या आपत्तींत आप्तांचा शोध आधी आणि स्थलांतर नंतर, हा क्रम जगभर मान्य झाला.

कुटुंबास आधार : मुलाची आई कामावर गेली असता ते कोठे असते, या साध्या प्रश्नातून काही उत्तम कार्ये उभी राहिली. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) व अनुताई वाघ (१९१०–९२) यांनी १९४५ पासून बोर्डी व पुढे कोसबाड येथे आदिवासी पाड्यांत अंगणवाडी नेली. दिल्लीत बांधकामावरील मजुरांच्या तान्ह्या मुलांसाठी मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये फिरती पाळणाघरे सुरू केली. मुंबईत ती १९७२ मध्ये आली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनिशी सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला.

ऊसतोड कामगारांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. बीडसारख्या जिल्ह्यांतून नवराबायकोची जोडी, म्हणजे एक ‘कोयता’, मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास कारखान्याच्या फडावर जाते व उन्हाळ्यात परतते. उचल फिटेपर्यंत जोडीतील कोणालाही मागे राहणे परवडत नाही. मूल बरोबर नेले तर शाळा सुटते, शिवाय पाचट बांधण्यास व धाकट्यास सांभाळण्यास त्याचे हात लागतात. मागे ठेवले तर म्हाताऱ्या आजीवर भार पडतो. यावर कारखान्यांजवळ साखरशाळा व गावोगावी हंगामी वसतिगृहे असे दोन उपाय योजले गेले. दुसऱ्यात मूल स्वतःच्या गावात, ओळखीच्या शाळेत राहते. काही ठिकाणी वेगळी इमारत न घेता आजीआजोबांकडेच मुलास शिधा वा जेवण पुरविले जाते. या मुलांना निराधार म्हणता येत नाही. आधार सहा महिने दूर असतो एवढेच. आणि उचलीची पद्धत तशीच ठेवून केवळ मुलांची सोय केल्याने प्रश्नाचे मूळ हलत नाही.

महाराष्ट्र शासनाची बालसंगोपन योजना ही घरातच मदत पोहोचविणारी प्रमुख योजना होय. एक वा दोन्ही पालक गमावलेली, पालक तुरुंगात वा दुर्धर आजाराने खिळलेले असलेली मुले तिच्या कक्षेत येतात. २०२३ मध्ये तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव देऊन दरमहा मदत २,२५० रुपये करण्यात आली. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत (२०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे) ही रक्कम ४,००० रुपये आहे. कोविड साथीत दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी केंद्राने २०२१ मध्ये दहा लाख व महाराष्ट्राने पाच लाख रुपयांची ठेव जाहीर केली. त्या साथीत केवळ वडील गेलेल्या मुलांची संख्या कितीतरी मोठी होती. त्यांच्या वाट्यास मासिक मदतच आली.

खाजगी प्रायोजकत्वाची पद्धत वेगळी असते. दूरचा देणगीदार एका मुलाचे छायाचित्र पाहून वर्गणी देतो व मुलाकडून पत्राची अपेक्षा करतो. एकाच वस्तीतील एका भावास वही मिळते, शेजारच्याला मिळत नाही. याची जाणीव झाल्यावर अनेक संस्थांनी वर्गणी मुलाच्या नावे घेऊन खर्च मात्र गावाच्या पाणी, शाळा वा बचत गटावर करण्याचा मार्ग पत्करला.

दत्तक व पश्चात-सेवा : १९५६ च्या हिंदू कायद्याने स्त्रीस दत्तक घेण्याचा व मुलीस दत्तक जाण्याचा अधिकार दिला. परदेशी दत्तकातील गैरप्रकारांवर सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मीकांत पांडे यांच्या अर्जावर १९८४ मध्ये निर्बंध घातले. स्वेच्छेने मूल स्वाधीन करणाऱ्या मातेस फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. त्या मुदतीत तिला कोणी निवारा व काम देऊ केले, तर ती मूल परत नेण्याची शक्यता असते. म्हणून मुदत मिळणे आणि ती उपयोगी पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अठरा वर्षे पूर्ण होताच मुलास बालगृह सोडावे लागते. अनुरक्षणगृहांत सामान्यतः २१ वर्षांपर्यंत राहता येते, पण त्यांची संख्या अपुरी आहे. अशा तरुणांपुढे पहिली अडचण कागदांची येते : जन्मदाखला, रहिवास, जात व आडनाव. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये अनाथांना शिक्षण व नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण दिले, आणि पुढे संस्थेबाहेर नातेवाइकांकडे वाढलेल्या अनाथांचाही त्यात समावेश केला. त्यासाठी लागणाऱ्या प्रमाणपत्रास दोन्ही पालकांच्या मृत्यूचे दाखले जोडावे लागतात. चुलत्याकडे वाढलेल्या मुलास ते मिळवून देण्याचे काम जिल्हा बाल संरक्षण कक्ष व स्थानिक कार्यकर्ते यांच्यावर येते.