ओट्याचं माप कुणाचं?

पुणे-सातारा महामार्गावर चेलाडी फाट्याला आत वळलात की नसरापूर लागतं. बनेश्वरला निघालेली मंडळी इथूनच जातात, राजगड-तोरण्याकडं सुटलेले ट्रेकरही इथूनच. पण आज गडावर नको, जरा घरात जाऊ. थेट स्वयंपाकघरात.

आपल्या भागातली बरीच घरं तुम्हाला ओळखीची वाटतील. बाहेरची खोली चकाचक, भिंतीवर मोठा टीव्ही, वायफाय जोरात. आत मात्र ओटा तोच, आजोबांनी गवंड्याकडून बांधून घेतलेला. काळा कडप्पा, कोपऱ्यात मोरी, भिंतीला स्टीलची मांडणी आणि शेगडीमागच्या टाइल्सवर तेलाचा चिकट थर. त्या घरात आता कमावतं कोण झालंय? तुम्ही! कुणी पुण्याला अप-डाऊन करतंय, कुणी जवळच्या कंपनीत लागलंय. हातात थोडे पैसे आलेत, मोबाइलवर ‘दोन दिवसांत किचनचा कायापालट’वाले रील्स आहेत आणि मनात एकच विचार: या दिवाळीला आईला नवं किचन! मिस्त्रीला कशाला पैसे द्यायचे, आपणच करू की.

करा. खरंच करा. यातलं बरंचसं काम आपल्या हातानं होण्यासारखं आहे. फक्त टाइल्सचा रंग निवडण्याआधी एक काम करा, ते रीलमध्ये कुणी दाखवत नाही.

मास कॉमला आम्हाला पहिल्याच वर्षी सहा प्रश्न शिकवतात. कोण, काय, कधी, कुठे, का, कसं. हे सहा प्रश्न स्वयंपाकघराला लावून बघा. आपण बहुतेक जण ‘काय’पासून सुरुवात करतो. काय लावायचं? ग्रॅनाइट की क्वार्ट्झ? ट्रॉल्या की कपाटं? सुरुवात ‘कोण’पासून व्हायला हवी. या ओट्यापाशी रोज तीन-चार तास उभं कोण राहतं?

टेप घ्या, आईला उभं करा

भारतीय बाईची सरासरी उंची साधारण १५२ सेंटिमीटर, म्हणजे पाच फूट. पाश्चात्त्य देशांतला तयार ओटा असतो ३६ इंचांचा. मॉड्युलर किचनच्या कॅटलॉगमधली मापंही त्याच्याच आसपास घोटाळतात. आता हिशोब करा. ३६ इंचांचा ओटा, त्यावर ४ इंचांची शेगडी, शेगडीवर ८ इंच उंचीचं पातेलं. पातेल्याचा काठ गेला ४८ इंचांवर. पाच फुटी बाईचा खांदा साधारण तिथंच येतो! म्हणजे आमटी ढवळायला तिनं रोज हात खांद्याएवढा उचलायचा. हे आपण तिला ‘गिफ्ट’ म्हणून देणार.

उलटंही होतं. ओटा फार खाली असला की कंबर वाकते. रात्री आई पाठीला बाम लावायला सांगते, आपण म्हणतो, ‘वय झालं गं आता.’ दुखणं वयाचं की ओट्याचं, हे आपण कधी तपासलेलंच नसतं.

माप घ्यायची पद्धत सोपी आहे. आई स्वयंपाक करताना जशी उभी राहते, अनवाणी किंवा घरातली चप्पल घालून, तशीच उभी करा. कोपर काटकोनात वाकवायला सांगा. जमिनीपासून कोपरापर्यंतचं अंतर मोजा. त्यातून ४ ते ६ इंच वजा करा. चिरण्या-निवडण्यासाठी ओट्याची सोयीची उंची ही एवढी. पाच फुटी बाईचं कोपर साधारण ३८ इंचांवर येतं, म्हणजे ओटा ३२ ते ३४ इंचांचा.

पण एवढ्यावर थांबू नका. स्वयंपाकघरात एकच काम थोडंच असतं? पोळी लाटायला वरून जोर लागतो, म्हणून लाटायची जागा थोडी खाली बरी. त्यात पोळपाटाचीच इंच-दोन इंच उंची वाढते. शेगडीचा भाग तीन-चार इंच खाली घेतला तर पातेलं हाताच्या टप्प्यात येतं. सिंकचं गणित उलटं. भांडं घासताना हात सिंकच्या तळाशी जातात आणि तळ असतो सात-आठ इंच खोल. म्हणून सिंकचा काठ ओट्यापेक्षा जरा वर असलेला चांगला. एका सरळ रेषेतला लांबलचक ओटा फोटोत छान दिसतो, कमरेला नाही.

पैसे घालण्याआधी चाचणी घ्या. एखादं भक्कम टेबल घ्या, खाली विटा किंवा वर फळ्या लावून ठरवलेल्या उंचीला आणा आणि त्यावर आईला दहा पोळ्या लाटू द्या. दहाव्या पोळीला खांदे वर चढले तर ओटा उंच. पाठ वाकली तर ओटा खाली. ही चाचणी फुकट आहे, शिवाय पोळ्या खायला मिळतात.

ओटा फोडणं परवडत नसेल तरी मार्ग आहेत. ओटा खाली असेल तर दोन इंच जाडीचा लाकडी पाट वर ठेवून त्यावर चिरता येतं. उंच असेल तर ओट्याच्या पूर्ण लांबीला पायाखाली पायरीसारखा चौथरा करून घ्या. पूर्ण लांबीला, लक्षात घ्या. छोटं स्टूल ठेवाल तर गरम पातेलं हातात असताना कुणीतरी अडखळणार.

उभं राहणं तसं नवंच

एक गोष्ट आपण विसरतो. आपल्या पणज्या उभ्यानं स्वयंपाक करत नव्हत्या. चूल जमिनीवर, तिच्या बाजूला वैल, समोर पाट, हाताशी विळी. सगळं बसून. उभ्याचा ओटा घरात आला तो मुख्यतः गॅसच्या शेगडीबरोबर. खेड्यातल्या कित्येक घरांत तर सिलिंडर पोचला १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर. म्हणजे बसण्यातून उभं राहण्यापर्यंतचा हा एवढा मोठा बदल काही घरांत एकाच बाईच्या आयुष्यात झालाय. आणि नवा ओटा किती उंच हवा, हे तिला फार क्वचित कुणी विचारलं.

जगात हा प्रश्न विचारला गेला होता. १९२६ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात नव्या स्वस्त घरांसाठी मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन आर्किटेक्ट बाईंनी एक छोटं किचन आखलं. साधारण १.९ मीटर बाय ३.४ मीटर. कामात हालचाली किती होतात, वेळ किती जातो, याचा अभ्यास करून एकेक कप्पा ठरवला. अशी सुमारे दहा हजार किचन बसवली गेली. आजच्या मॉड्युलर किचनची ती आजीच म्हणा ना! पुढे त्यावर टीकाही झाली. किचन एवढं आटोपशीर की त्यात एकच बाई मावते, भिंतीकडं तोंड करून, एकटी.

आपल्याकडं हे चालेल का? सासू लसूण सोलतीये, सून पीठ मळतीये, शेजारच्या काकू वाटाणे सोलायला येऊन बसल्यात, हे आपलं स्वयंपाकघर. म्हणून कपाटांनी सगळी जमीन भरू नका. तीन फूट बाय तीन फूट जागा मोकळी सोडा. विळी घेऊन बसायला, पाट मांडायला, दोन शब्द बोलायला.

मोरीचंही तेच. रीलमध्ये मोरी दिसत नाही, म्हणून आपण पहिला हातोडा तिच्यावर टाकतो. मग पाहुणे आले की मोठी परात, हंडा, कळशी घासायची कुठे? सिंकमध्ये मावत नाहीत. मोरी ठेवा, तिच्या टाइल्स बदला, उतार नीट करा. चुलीचंही आधी ठरवा. भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवरच होत असेल तर तिला उजेड आणि धूर जायला वाट असलेली जागा द्या. नाहीतर नव्या किचनचे फोटो निघतील आणि आई मागच्या अंधाऱ्या छपरात धुरात बसेल.

पाऊस, भात आणि प्लायवूड

आता ‘कधी’. दिवाळीला सरप्राइज ही कल्पना गोड आहे, पण भोर-वेल्ह्यात तेव्हा भात काढणीला आलेला असतो. घरातले सगळे शेतात आणि स्वयंपाकघर उकरलेलं, ही पंचाईत कुणाची होणार? पावसाळ्यात तर नकोच, ओल सुकत नाही. भात घरात आला की मग उन्हाळ्यापर्यंतचे दिवस चांगले. काम चालू असताना स्वयंपाक कुठे करायचा हेही आधी ठरवा. पडवीत शेगडी नेलीत तर ती भक्कम टेबलावर, सिलिंडरपेक्षा उंच ठेवा.

आपल्याकडचा पाऊस साहित्य निवडतानाही आठवा. साधं प्लायवूड दमट हवेत फुगतं, वाळवीचं तर ते जेवणच. घ्यायचंच असेल तर शिक्का बघा. पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायवर ‘आयएस ७१०’ असं लिहिलेलं असतं. नाहीतर ओट्याखाली कडप्प्याचे कप्पे आणि अॅल्युमिनिअमच्या चौकटीची दारं हा जुना उपाय अजूनही उत्तम.

कुठं हात घालायचा, कुठं नाही

रंगकाम, मांडण्या बसवणं, टाइल्समधले काळे पडलेले जॉइंट खरवडून पुन्हा भरणं, दारांना हँडल लावणं, हे सगळं तुम्ही करा. शेगडीमागच्या टाइल्सही सरावानं जमतात. हिशोब सोपा आहे. ओटा ८ फूट लांब, टाइल्स २ फूट उंच, म्हणजे १६ चौरस फूट. तुटफुटीसाठी दहा टक्के धरा आणि १८ चौरस फूट आणा. टाइल्स चिकटवल्यावर एक दिवस जाऊ द्या, मग जॉइंट भरा.

गॅसची पाइपलाइन आणि वायरिंग मात्र जाणकारालाच करू द्या. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर उभाच ठेवायचा आणि बंद कपाटात कोंडायचा नाही. ट्रॉलीच्या मागं लपवायचाच असेल तर त्या कप्प्याला खालच्या बाजूला जाळी हवीच. केशरी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलतात, तिच्यावरची तारीख आजच बघा. गळतीचा वास आला तर दिव्याचं बटण चालू-बंद न करता दारं-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा, बाहेर या आणि १९०६ ला फोन करा. इंडक्शनसाठी १६ अँपिअरचा सॉकेट लागतो, तोही सिंकपासून लांब.

आणि ग्रॅनाइट-टाइल्स घरात कोरड्या कापू नका. ती बारीक धूळ फुप्फुसात बसते. दुकानातून कापून आणा, नाहीतर पाणी सोडत, चांगला मास्क लावून कापा.

तिचाही हात लागू दे

२०१२ मध्ये अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी एका सवयीला नाव दिलं, आयकिया इफेक्ट. स्वतःच्या हातानं जोडलेली वस्तू माणसाला जास्त मोलाची वाटते. त्यांच्या प्रयोगात लोकांना स्वतः केलेले कागदाचे वेडेवाकडे पक्षी-बेडूकही लई भारी वाटले! स्वयंपाकघर तुम्ही एकट्यानं केलंत तर ते सगळ्यात जास्त आवडणार कुणाला? तुम्हाला. आणि त्यात उभं राहणार आई.

म्हणून सरप्राइज देऊ नका. तिला विचारा. ‘काय हवं?’ असं विचारलंत तर ती म्हणेल, ‘मला काय, चालतंय की आहे ते.’ त्याऐवजी विचारा, कुठला डबा काढताना चवड्यावर उभं राहावं लागतं? संध्याकाळी स्वतःची सावली कुठं पडते? कुठल्या कामानंतर पाठ धरते? ती उत्तरं वहीत लिहा. तुमच्या किचनचा खरा नकाशा त्या वहीत असेल. मांडणीची जागा तिला ठरवू द्या, ब्रश तिच्याही हातात द्या. बाबांनाही कामाला लावा, पुढं पोळ्या त्यांनीही लाटायच्यात. तेव्हा टेप धराल तेव्हा त्यांचंही कोपर मोजून ठेवा.