तापणाऱ्या लोखंडाला रंग का धरत नाही?

भंडारा हे पितळेचे शहर. पितळेच्या भांड्यावर हवेने चढणारा काळपट थर अतिशय पातळ असतो, धातूला घट्ट बिलगून बसतो आणि खालच्या धातूला थोडेफार राखतोही. चिंचेने घासले की तो जातो आणि भांडे पुन्हा लखलखते. लोखंडाचा गंज असा नसतो. तो भुसभुशीत असतो, मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, पापुद्रे होऊन सुटतो आणि हवा-पाण्याला आत जायची वाट मोकळी ठेवतो. इंजिनाचा धूर गोळा करणाऱ्या मॅनिफोल्डवर आणि जुन्या गाड्यांच्या नळ्यांच्या हेडरवर हा गंज सर्वात लवकर दिसतो. त्यावर चंदेरी रंगाचा हात फिरवला जातो आणि काही दिवसांतच रंगाची सालपटे निघू लागतात. मग दोष रंगाच्या माथी मारला जातो. पुरावा मात्र वेगळे सांगतो. हा रंग टिकणार की नाही, याचा बराचसा निकाल डबा उघडण्यापूर्वी, धातू किती स्वच्छ झाला यावरच लागलेला असतो.

आधी गंजाचे मूळ पाहू. लोखंड गंजायला प्राणवायू आणि पाणी दोन्ही लागतात. पाणी फक्त पावसातून येते असे नाही. डिझेल आणि पेट्रोलमधला हायड्रोजन जळताना पाणी तयार होते. एक लिटर इंधन जळले की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने धुरातून बाहेर पडते. इंजिन पुरेसे तापलेले असेल तर ही वाफ निघून जाते. पण पाच मिनिटांसाठी चालू करून बंद केलेल्या इंजिनात ती नळीच्या आतल्या बाजूला साचते आणि धुरातल्या नायट्रोजन व गंधकाच्या ऑक्साइडांमुळे आम्लधर्मी होते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ इंधनात गंधकाची मर्यादा दहा लाखांत ५० भागांवरून १० भागांवर आली, त्यामुळे हा त्रास घटला, संपला नाही. त्यात भंडाऱ्याचा धानपट्टा. चिखलणीच्या दिवसांत तापलेल्या मॅनिफोल्डवर बांधीतला चिखल आणि पाणी उडत राहते. रोवणी आटोपली की बरेच ट्रॅक्टर दीर्घकाळ उभे राहतात. क्वचित तापणे आणि बराच काळ ओलसर हवेत थंड पडून राहणे ही गंजाला सर्वात मानवणारी स्थिती आहे.

आता प्रश्न असा की घराच्या फाटकाला गंजावरूनच रंग मारला तरी तो वर्ष-दोन वर्षे राहतो, मग मॅनिफोल्डवर का राहू नये? याचे उत्तर गंजाच्या रचनेत आहे. ओल्या हवेत तयार झालेल्या गंजात पाणी रासायनिक रूपाने बांधलेले असते. साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला ते सुटते आणि गंजाचे रूपांतर कोरड्या लोहऑक्साइडमध्ये होते. म्हणजे रंगाखालचा थर गरम होताच वाफ सोडतो, आकसतो आणि भेगाळतो. फाटक या तापमानाला कधीच पोचत नाही, मॅनिफोल्ड मात्र जोराच्या कामात रोज पोचते. शिवाय पोलाद तापले की वाढते. अर्धा मीटर लांबीची नळी ५०० अंशांनी तापली तर सुमारे तीन मिलिमीटर लांबते आणि थंड होताना तेवढीच आखडते. ठिसूळ गंजाला ही ओढाताण सोसवत नाही. तो धातूपासून सुटतो आणि वरचा रंग सोबत घेऊन जातो. अशा वेळी रंग उत्तम असला तरी उपयोग नाही, कारण तो धातूला चिकटलेलाच नसतो.

रंगाची निवड गौण आहे, असा याचा अर्थ नाही. नेहमीच्या रेड ऑक्साइडमधले रंगद्रव्य उष्णतेत तगते, पण त्याला धरून ठेवणारे तेल-राळेचे बंधद्रव्य दीडशे-दोनशे अंशांच्या पुढे करपू लागते आणि रंगाची भुकटी होते. साध्या चंदेरी ऑइलपेंटचेही तेच होते. उष्णतारोधक रंगात बंधद्रव्य सिलिकोनचे असते. त्याचा कणा सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या साखळीचा असून हा बंध कार्बन-कार्बन बंधापेक्षा बळकट आहे. रंग तापला की त्यातला सेंद्रिय भाग हळूहळू जळून जातो आणि सिलिकाचे जाळे ॲल्युमिनियमच्या कणांना धरून उरते. असा रंग ६०० अंशांच्या आसपास टिकतो. भंडारा जिल्ह्यात सापडणारी कायनाइट आणि सिलिमनाइट ही खनिजे भट्टीच्या विटांसाठी वापरली जातात, त्यांच्या उष्णतासहनशीलतेतही सिलिकॉन-ऑक्सिजनच्या बंधाचा मोठा वाटा आहे.

म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा. प्रथम तेल आणि ग्रीस धुवायचे, कारण घासल्यावर ते गंजाच्या खड्ड्यांत आणखी पसरते. नंतर पापुद्रे खरवडून तारेच्या ब्रशने, आणि जमेल तिथे खडीच्या माऱ्याने, राखाडी धातू दिसेपर्यंत सफाई करायची. या माऱ्यासाठी वाळू वापरू नये. तिच्या धुळीने सिलिकोसिस हा फुप्फुसाचा असाध्य रोग होतो. जुन्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, ते कोरडे घासणेही तितकेच घातक. आम्लात बुडवणे सोपे वाटते, पण खड्ड्यांत राहिलेले हायड्रोक्लोरिक आम्ल नव्या गंजाचे बीज ठरते. ते नीट धुऊन लगेच वाळवले नाही तर केलेली मेहनत वाया जाते. धातू स्वच्छ झाला की त्याच दिवशी रंग द्यावा आणि तो पातळ थरांतच द्यावा. जाड थरात अडकलेला थिनर तापल्यावर फोड आणतो. शेवटी इंजिन थोडा वेळ मंद चालवून थंड करायचे, मग अधिक वेळ, मग जोराने, अशा टप्प्यांनी रंग पक्का करायचा. हा टप्पा वगळला तर सिलिकोनचा रंग नखानेही निघतो.

यावर काही आक्षेप रास्त आहेत. बिडाचे मॅनिफोल्ड जाड असते, वरवरच्या गंजाने त्याचे वर्षानुवर्षे काही बिघडत नाही, मग एवढा खटाटोप कशाला? जाड बिडापुरते हे खरे आहे. पण पातळ पत्र्याचे हेडर, वेल्डिंगचे सांधे आणि फ्लँजच्या कडा यांना ती सवलत नाही. तिथे गंजाने पडलेले छिद्र कारमध्ये बसलेल्यांपर्यंत कार्बन मोनॉक्साइड पोचवू शकते. म्हणूनच तडा गेलेला किंवा कुरतडलेला भाग रंगाने झाकणे हा धोका आहे. तो आधी दुरुस्त करावा, नाहीतर बदलावा. दुसरा आक्षेप जस्ताच्या मुलाम्याचा. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळते, त्यामुळे या जागी ते कुचकामी आहे आणि त्याची वाफ श्वासाला बाधते. तिसरा आक्षेप सर्वात वजनदार: रंग बाहेरून लागतो, गंज आतूनही चढतो. तो मान्य करावाच लागतो. आतल्या गंजावर उपाय रंगाचा नव्हे, वापराचा आहे. इंजिन चालू केले तर पुरेसे तापू द्यावे आणि उभ्या ट्रॅक्टरच्या सायलेन्सरवर डबा पालथा घालायची आपल्याकडची रीत कधी चुकवू नये.

राहिला मुहूर्त. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की उघडे लोखंड झपाट्याने गंजू लागते आणि जिल्ह्याचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. पावसाळ्यात घासलेला धातू रंगाआधीच तांबूस होतो. एप्रिल-मे मधली कोरडी हवा मात्र या कामासाठी उत्तम. सकाळच्या सावलीत रंग द्यावा, म्हणजे तापलेल्या पत्र्यावर थिनर चटकन उडून जात नाही. तुमसर, साकोली, पवनीच्या गॅरेजांत चिखलणीच्या आधीचे हे दिवस दुरुस्तीचेच असतात. तेव्हा गाडीमालकाने कोणत्या कंपनीचा रंग वापरणार, हे विचारण्याआधी सफाईला किती वेळ देणार, हे विचारावे आणि त्या वेळेचे पैसे मोकळ्या हाताने द्यावेत. मिस्त्रीच्या घासण्याच्या मेहनतीला मोल मिळाले नाही, तर महागातला महाग रंगही दर वर्षी नव्याने विकत घ्यावा लागेल.