परसबागेचे वर्ग : कोठे व केव्हा भरवावेत

गावोगावी परसबागेचे वर्ग भरतात, बियाण्यांच्या पुड्या वाटल्या जातात आणि तरीही शिमग्याच्या सुमारास पुष्कळ परसांत वाळलेल्या वेलींखेरीज काही उरत नाही. याचा दोष शिकणाऱ्या भगिनींकडे जात नाही. वर्ग ग्रामपंचायतीच्या सभागृहात एकदाच, तोही ऐन कामाच्या वेळी भरतो. आणि परसातील खरी अडचण, म्हणजे पाणी, तेथे कोणाच्या दृष्टीसही पडत नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबास रोजची पालेभाजी बाजारातून विकत घेणे परवडत नाही. तेव्हा परसबाग ही हौसेची बाब समजू नये.

वर्ग प्रत्यक्ष एखाद्या परसात, मोरीच्या तोंडाशी भरवावा. तेथे सर्वांदेखत हातभर खोल खड्डा खणून तळाशी विटांचे तुकडे, त्यावर खडी व वर वाळू घालावी. यातून गाळून निघालेल्या पाण्यावर केळ, पपई व शेवगा उन्हाळाभर तग धरतात. कोथिंबीर, मुळा अशा कच्च्या खाण्याच्या भाज्यांना मात्र साबणाचे पाणी देऊ नये. त्यांच्यासाठी डाळतांदूळ धुतलेले पाणी वेगळे धरून ठेवावे.

मेथीचा वाफा एकदम पेरण्याची चाल सर्वत्र दिसते. मग एका आठवड्यात भाजी खाववत नाही आणि पुढे महिनाभर दिसत नाही. वाफ्याचे चार भाग करून दर आठवड्यास एक भाग पेरावा. मेथी पंचवीस-तीस दिवसांत काढणीस येते. चौथा भाग पेरल्यावर थोड्याच दिवसांत पहिला रिकामा होऊ लागतो.

आता वेळेविषयी. मृगाच्या वेळचा वर्ग हवाच, परंतु दुसरा संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत ठेवावा. हळदीकुंकवास स्त्रिया आपण होऊन जमतात, आणि थंडी ओसरताच भेंडी, गवार, चवळी व तांदुळजा यांची उन्हाळी पेरणी करावयाची असते. प्लास्टिकच्या डब्यांऐवजी बियाण्याची पुडी किंवा कढीपत्त्याचे रोप वाण म्हणून लुटावे. तथापि एक गोष्ट कार्यकर्त्यांनी कटाक्षाने पाळावी. विधवा भगिनींना हळदीकुंकवास बोलावण्याची रीत पुष्कळ ठिकाणी अजूनही नाही, आणि एकटीच्या मिळकतीवर मुले वाढविणाऱ्या त्याच असतात. निमंत्रण घरोघर जाऊन, सर्वांना सारखे द्यावे. कोणाची कुरकुर झाली तरी चालेल.

वाटावयाचे बियाणे शक्यतो गावरान असावे. संकरित वाणाचे घरी धरलेले बी पुढील पिढीत मूळ गुण राखीत नाही, व दरवर्षी पुडीची वाट पाहावी लागते. अहिल्यानगर जिल्ह्यातील कोंभाळणे येथील श्रीमती राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची बियाणे बँक उभारली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बी धरण्यासाठी वेलीवरील पहिल्या बहराचे एखादे निरोगी फळ राखून पक्व होऊ द्यावे, बी सावलीत सुकवावे व राखेत मिसळून कोरड्या मडक्यात ठेवावे.

वर्गानंतर पंधरवड्याने कार्यकर्त्याने प्रत्येक परसात एक फेरी करावी. वही जवळ ठेवावी व कोणते बी उगवले, कोणते नाही, कोंबड्यांनी काय उकरले याची नोंद घ्यावी. पुढील वर्गाचा विषय त्या नोंदींतूनच ठरवावा.