लिहिलेला कायदा आणि वाचलेला कायदा

कायदा एकदां लिहिला गेला म्हणजे न्यायाचें काम संपलें, अशी समजूत सुशिक्षित मंडळींत फार रूढ आहे. ती अर्धीच खरी आहे. उरलेलें अर्धें कोणतें, हें नाशिक जिल्ह्यांतील पेठ तालुक्याकडे पाहिलें असतां ध्यानांत येतें. परंतु हा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वी रोम शहरांत उपस्थित झाला होता. म्हणून आरंभीं तिकडे दृष्टि टाकणें इष्ट होय.

प्राचीन रोममध्यें कायदा म्हणजे वहिवाट, आणि तिचें ज्ञान कुलीन वर्गांतील धर्माधिकाऱ्यांच्या मुठींत. फिर्याद कोणत्या दिवशीं करावी व कोणत्या शब्दांत मांडावी, हें तेच जाणत. सामान्य प्रजेनें या मक्तेदारीस विरोध केला. परंपरेप्रमाणें इ.स.पू. 462 सालीं टेरेंटिलियस या लोकाधिकाऱ्यानें कायदे लिहून काढण्याची मागणी केली, आणि इ.स.पू. 451-450 मध्यें दहा जणांच्या मंडळानें ते बारा फलकांवर लिहून भर चव्हाट्यावर मांडले.

हे कायदे दयाळू होते असें कोणी समजूं नये. कबूल कर्ज फेडण्यास तीस दिवसांची मुदत होती. ती टळली म्हणजे धनकोनें ऋणकोस बेड्या घालाव्या, आणि लागोपाठ तीन बाजारांच्या दिवशीं त्यास लोकांपुढें आणून कर्जाचा आंकडा पुकारावा. तरीही कोणी सोडविला नाहीं, तर त्यास नदीपार विकावें. कुलीन व सामान्य यांच्यांतील विवाहासही बंदी होती. पण जें उघड्यावर लिहिलें गेलें त्यावर वाद घालतां येऊं लागला. विवाहबंदी इ.स.पू. 445 मध्येंच उठली आणि कर्जापायीं देह बांधून घेण्याची चाल पुढील शतकांत मोडली. फिर्यादीचे विधि व न्यायदानाचे दिवस मात्र गुप्तच राहिले होते, ते इ.स.पू. 304 च्या सुमारास नेयस फ्लेवियस नांवाच्या एका लेखकानें प्रसिद्ध केले. म्हणजे कायदा लिहिल्यावर तो वापरण्याची किल्ली प्रजेच्या हातीं येण्यास आणखी सुमारें दीडशें वर्षें लागलीं!

आतां पेठकडे वळूं. हें एक लहानसें संस्थान होतें. 1878 सालीं तें खालसा होऊन नाशिक जिल्ह्यांत आलें, आणि येथें कोणते कायदे चालावे हें ठरविण्यासाठीं 1894 मध्यें मुंबई सरकारास खास कायदा करावा लागला. कोकणा, महादेव कोळी, वारली या डोंगरांतील जमातींचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या पंचांच्या तोंडीं चालत आलेला; त्यांवर हा छापील कायदा परकीय भाषेंत येऊन बसला. कुलीनांच्या गुप्त वहिवाटीपेक्षां न वाचतां येणारा छापील कागद त्यांस अधिक जवळचा वाटावा, असें काय होतें?

स्वराज्यांत कायदे बदलले, हें मान्य केलें पाहिजे. 1974 च्या कायद्यानें 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळांत बिगरआदिवासींकडे गेलेल्या जमिनी ठराविक अटींवर परत देण्याची तरतूद केली. पेठ हा संपूर्ण तालुका अनुसूचित क्षेत्रांत असल्यामुळें 1996 चा पेसा कायदा येथें लागू आहे. त्यानें गौण वनोपजाची मालकी व सावकारीवर नियंत्रण हे अधिकार ग्रामसभा व पंचायतींकडे सोंपविले. राज्याचे नियम 2014 मध्यें झाले. 2006 च्या वनहक्क कायद्यानें 13 डिसेंबर 2005 पूर्वींपासून कसलेल्या वनजमिनीवर, कमाल चार हेक्टरांपर्यंत, हक्क मान्य केला. त्या दाव्याचा आरंभ ग्रामसभेंतच होतो, आणि गांवांतील वृद्धांचें लिहून घेतलेलें निवेदनही पुरावा म्हणून चालतें. तोंडी स्मृतीस लेखाचा मान देणारा हा नियम आम्हांस विशेष स्तुत्य वाटतो.

परंतु ज्यास आपला हक्क ठाऊकच नाहीं, तो मागणार कसा? कायदा माहीत नव्हता ही सबब न्यायासनापुढें चालत नाहीं. मग कायदा प्रजेच्या कानांपर्यंत पोंचविण्याची जबाबदारी सरकारावर व शिकलेल्या वर्गावर येते, हें ओघानेंच आलें.

यासाठीं मोठ्या खर्चाची गरज नाहीं. प्रत्येक ग्रामसभेच्या आरंभीं एकेक कलम लोकांच्या घरच्या बोलींत वाचून समजावून द्यावें. बाजाराच्या दिवशीं चावडीवर तेंच करावें. रोममधील मुलांस बारा फलक पाठ करावयास लावीत, असें सिसेरो सांगतो. आमच्या शिक्षकांनीं निदान वनहक्क अर्जाचा नमुना वरच्या वर्गांस वाचावयास लावावा. व्यापारी बंधूंसही आमची विनंति आहे कीं, ज्या कागदावर दुसऱ्याचा अंगठा घ्यावयाचा तो आधीं चार माणसांदेखत मोठ्यानें वाचावा, आणि हिशेबाची एक प्रत त्याच्या हातीं द्यावी. यांत प्रामाणिक व्यापाऱ्याचें कांहींएक जात नाहीं. उलट त्याची पत वाढते, आणि पुढचा कज्जाही टळतो.

रोमच्या प्रजेनें कायदा चव्हाट्यावर आणविला. पेठच्या डोंगरांत तो लिहून तयार आहे. आतां तो चव्हाट्यावर वाचला गेला पाहिजे.