चिकूचा पाय आणि मोटारीचा विमा

शेजारच्या काकूंचा चिकू सोसायटीच्या फाटकाबाहेर, पट्टा लावलेला, कोपऱ्यातला दिव्याचा खांब हुंगत होता. मागे येणाऱ्या गाडीचं चाक त्याच्या मागच्या पायावरून गेलं. चालकाने काच खाली केली, "सॉरी हां, दिसलाच नाही," म्हणाला आणि निघून गेला. ते शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

पहिलं काम कायद्याचं नाही. कळवळलेलं जनावर घरच्या माणसालाही चावतं, म्हणून काकूंनी ओढणीने त्याचं तोंड सैलसर बांधलं (धाप लागली असेल किंवा उलटी होत असेल तर बांधू नये), अंगाखाली चादर सरकवली आणि दोघांनी झोळीसारखं उचललं. मुंबईत असतो तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल गाठलं असतं. सरकारच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. गाडी निघतानाच मी तिच्या नंबराचा फोटो काढला होता; मग सोसायटीच्या सेक्रेटरींना कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवण्यासाठी लेखी अर्ज दिला, कारण ते काही दिवसांत आपोआप पुसलं जातं.

मग पोलीस ठाणं. 'बेदरकार ड्रायव्हिंगचं कलम लावा' असं म्हणत आपण तावातावाने जातो, आणि तिथेच अडतं. एप्रिल २०२० मध्ये मरीन ड्राइव्हवर जेवण पोहोचवायला निघालेल्या एका विद्यार्थ्याच्या मोटारसायकलखाली भटकं कुत्रं सापडून मेलं. त्या कुत्र्याला खायला घालणाऱ्या बाईंनी तक्रार केली, गुन्हा नोंदला गेला. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. पृथ्वीराज चव्हाण यांनी तो रद्द केला. बेदरकार ड्रायव्हिंगची कलमं माणसाच्या जिवाला धोका झाला तर लागतात, आणि जनावराला मारण्याच्या कलमाला हेतू लागतो, असं त्यांनी सांगितलं. उलट सरकारला २० हजार रुपये त्या मुलाला द्यायला लावले आणि ते जबाबदार पोलिसांकडून वसूल करायला सांगितले.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्या ३२५ व्या कलमात जनावराला मारणं किंवा जायबंदी करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि जुन्या कायद्यातली 'पन्नास रुपये किमतीचं जनावर' ही हास्यास्पद अट गेली. पण गुन्ह्याचा गाभा तोच राहिला: हेतू हवा, किंवा नुकसान होणार याची जाणीव हवी. म्हणजे 'दिसलाच नाही' हाच चालकाचा बचाव. चालकाने मुद्दाम गाडी घातली असेल तर हे कलम जरूर लावून घ्या. एरवी तक्रार द्यायची ती घटनेची सरकारी नोंद व्हावी म्हणून. चालकाला गजाआड पाहायची आशा धरू नका.

खरा रस्ता पैशांच्या दाव्याचा. मोटार वाहन कायदा तिसऱ्या पक्षाच्या मालमत्तेची भरपाई मानतो, आणि कायद्याच्या लेखी चिकू ही मालमत्ताच. काकूंना हे ऐकवत नाही, मलाही नाही. पण दार उघडतं ते याच शब्दाने. खासगी मोटारीच्या विम्यात अशा नुकसानीसाठी सहसा साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असतं. हप्ता वाचवण्यासाठी काहीजण ते सहा हजारांवर आणतात. विमा चालू आहे का, हे एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून कळतं. दावा मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे करायचा, तोही अपघातापासून सहा महिन्यांत. नुकसान दोन हजारांहून जास्त असेल तर दिवाणी न्यायालयाचा पर्यायही आहे, तिथे मुदत तीन वर्षांची.

आता घासाघीस. विमा कंपनीचा वकील पहिल्यांदा विचारणार, कुत्रं तुमचंच कशावरून? तिथे लसीकरणाचं कार्ड आणि महापालिकेचा परवाना बोलतात. मग विचारणार, जागा सार्वजनिक होती का? फाटकाच्या आत की बाहेर, यावर तासभर वाद होऊ शकतो. मग पट्टा. कुत्रं मोकळं सोडलेलं असेल तर भरपाई कापली जाऊ शकते. आणि शेवटी किंमत. विकत घेतलेल्या लॅब्राडोरची पावती असते. रस्त्यावरून उचलून आणलेल्या चिकूला बाजारभाव कसला? म्हणून भर द्यायचा उपचाराच्या खर्चावर: एक्स-रे, शस्त्रक्रिया, औषधं, ड्रेसिंग, प्रत्येकाची तारीख आणि शिक्का असलेली पावती, आणि डॉक्टरांकडून 'वाहनाच्या धडकेशी जुळणारी दुखापत' असा लेखी अहवाल. रात्रभर जागून काढलेल्या काळजीचा रकाना त्या अर्जात नसतो.

काकूंनी दाव्याआधी वकिलाकडून गाडीच्या मालकाला नोटीस पाठवली. सोबत एक्स-रेची प्रत आणि सगळ्या पावत्यांची बेरीज. अकराव्या दिवशी फोन आला. चालकच होता. "काकू, तुमचा खाते क्रमांक पाठवा."