भिंतीवरच्या शिंगांचे मोजमाप

१९१४ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, डॅनबरी गावानजीकच्या जंगलात जेम्स जॉर्डन या तरुणाने एक थोराड नर हरीण मारले. त्याचे मस्तक भिंतीवर लावण्याजोगे करून मिळावे म्हणून त्याने ते जवळपासच्या एका कारागिराच्या हवाली केले. तो कारागीर पुढे मुक्काम हलवून निघून गेला आणि मस्तक जॉर्डनला परत मिळालेच नाही. पन्नास वर्षांनी, १९६४ मध्ये, शेजारच्या मिनेसोटा राज्यात जुन्यापुराण्या सामानाच्या विक्रीत ते अवघ्या तीन डॉलरना विकले गेले. विकत घेणारा योगायोगाने जॉर्डनच्याच नात्यातला निघाला. शिंगांची रीतसर मोजणी झाली तेव्हा २०६ पूर्णांक १/८ गुण भरले आणि तो त्या जातीचा जागतिक विक्रम ठरला. शिकारी म्हणून जॉर्डनच्या नावाची नोंद झाली ती १९७८ च्या अखेरीस. त्याआधी थोडेच दिवस तो निवर्तला होता.

अडगळीतली वस्तू विक्रमी ठरावी, असे त्या शिंगांत काय होते? उत्तर अमेरिकेत लक्षावधी लोक दरवर्षी ज्याच्या मागे रानोमाळ हिंडतात त्या 'व्हाइट-टेल', म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या हरणाबाबत या प्रश्नाचे उत्तर थेट इंचांत दिले जाते.

मुळात हरणाची शिंगे ही गाईम्हशींच्या शिंगांसारखी नव्हेत. मराठीत दोहोंना एकच शब्द असल्याने हा भेद झाकला जातो. गाय, बकरी किंवा काळवीट यांचे शिंग आयुष्यभर टिकते. आत हाडाचा गाभा आणि वर नखासारखे आवरण अशी त्याची रचना असते. सांबर, चितळ किंवा व्हाइट-टेल यांची शिंगे मात्र निखळ हाडाची असतात आणि ती गळून नव्याने उगवतात. व्हाइट-टेलमध्ये वसंतात वाढ सुरू होते. त्या काळात शिंगांवर मखमलीसारखी, रक्तवाहिन्यांनी भरलेली त्वचा असते. उन्हाळा सरता सरता दिवस लहान होऊ लागतात, नराच्या शरीरातील टेस्टोस्टेरॉन वाढते, शिंग टणक होते आणि ती त्वचा झाडांवर घासून काढली जाते. मीलनाचा हंगाम आटोपला की हिवाळ्यात शिंगे गळतात. इतक्या झपाट्याने वाढणारे हाड प्राणिसृष्टीत क्वचितच आढळते.

साहजिकच मोठे शिंग हे वय, आहार आणि आनुवंशिकता या तिन्हींच्या मेळाचे फळ असते. यांतील वय ही सर्वांत दुर्मीळ गोष्ट. नराच्या शिंगांचा भर साधारण पाचव्या ते सातव्या वर्षी असतो. पण तिथवर पोहोचू देतो कोण? १९८० च्या दशकात अमेरिकेत मारल्या जाणाऱ्या शिंगवाल्या नरांपैकी निम्म्याहून अधिक जेमतेम दीड वर्षाचे असत. लहान नरांना जाऊ द्यावे, हा विचार रुजल्यानंतर हे प्रमाण आता एक तृतीयांशाच्याही खाली आले आहे.

मोजणीची सर्वमान्य पद्धत आहे ती 'बून अँड क्रॉकेट क्लब' या संस्थेची. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेने आजची गुणपद्धती १९५० मध्ये स्वीकारली. शिकारीनंतर शिंगे किमान ६० दिवस वाळू द्यावी लागतात, कारण ती आक्रसतात. मग अधिकृत मोजणीदार एक अष्टमांश इंचापर्यंत मापे घेतो. दोन्ही मुख्य दांड्यांची लांबी, दांड्यांमधील आतले अंतर, प्रत्येक फाट्याची लांबी आणि दर बाजूस चार ठिकाणी घेतलेला घेर, अशी ही मापे. फाटा म्हणून गणले जाण्यासाठी टोक किमान एक इंच लांब हवे आणि रुंदीपेक्षा त्याची लांबी अधिक हवी.

एक हिशेब करून पाहू. प्रत्येक दांडा २५ इंच, आतले अंतर २० इंच, दर बाजूचे चार फाटे ५, ११, १० व ६ इंचांचे आणि चारही घेर साडेचार इंचांचे. बेरीज होते १७०. 'टिपिकल' म्हणजे नमुनेदार घडणीच्या शिंगांना कायमस्वरूपी विक्रमपुस्तकात शिरण्यासाठी नेमके इतकेच गुण लागतात. आता उजवीकडचा ११ इंचांचा फाटा ९ इंचांचाच आहे असे समजा. बेरजेतून दोन इंच गेले, ते ठीक. पण दोन बाजूंतील तफावत म्हणून आणखी दोन इंच वजा होतात. उरले १६६, आणि पुस्तकाचे दार बंद. भलतीकडून फुटलेले फाटेही वजावटीतच जातात. असे वेडेवाकडे फाटे फारच असतील तर 'नॉन-टिपिकल' हा निराळा वर्ग आहे. तिथे त्यांची लांबी उलट मिळवली जाते. मर्यादा मात्र १९५.

सममितीचा हा हट्ट काहीसा अजब खरा. जंगलात झुंजलेल्या, फाटा मोडलेल्या नराला त्याच्या पराक्रमाबद्दल दंड भरावा लागतो! युरोपात तांबड्या हरणाची मोजणी वेगळ्या मनोवृत्तीने होते. तिथल्या पद्धतीत शिंगांचे वजन धरले जाते. शिवाय रंग, पृष्ठभागावरची खडबड, टोकांचा पांढरेपणा आणि वरच्या फाट्यांचा मुकुट यांना सौंदर्याचे गुण मिळतात.

जॉर्डनचा विक्रम १९९३ मध्ये मोडला. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात मायलो हॅन्सन या शेतकऱ्याने मारलेल्या हरणाला २१३ पूर्णांक ५/८ गुण मिळाले. 'नॉन-टिपिकल' वर्गातील ३३३ पूर्णांक ७/८ गुणांचा विक्रम तर कोणा शिकाऱ्याचा नाहीच. ते हरीण १९८१ मध्ये मिसुरी राज्यात मेलेले सापडले.

अर्थात सामान्य शिकाऱ्याच्या दिवाणखान्यातील मस्तकांना यातले काहीच लागू होत नाही. आयुष्यात १७० गुणांचा नर दृष्टीस पडलेले लोक थोडेच. कुणी पहिली शिकार म्हणून, कुणी वडिलांसोबतची अखेरची म्हणून दोन फाट्यांचेही मस्तक जपतो. तिथे अडचण निराळीच येते, ती कातड्याची. आपल्याकडे 'पेंढा भरणे' म्हणतात. पण आज पेंढा कुणी भरत नाही. कवटीचा शिंगांसह वरचा तुकडा कापून फोमच्या तयार साच्यावर बसवतात, त्यावर कमावलेले कातडे चढवतात आणि काचेचे डोळे लावतात. त्यासाठी खांद्याच्या मागून अखंड कातडे हवे. हरीण मानेत दोर बांधून फरपटत आणले, गळा चिरला किंवा उष्म्यात कातडे ठेवून केस गळू लागले, तर उत्तम शिंगांचेही मस्तक साधत नाही. मग कवटीच उकळून, स्वच्छ करून टांगली जाते.

इंचांना मोल आले की बाजारही येतो. उंच कुंपणाच्या खासगी राखीव रानांत निवडक पैदास आणि भरपूर खुराक यांच्या बळावर वाढवलेल्या नरांची शिंगे झुडपासारखी पसरतात, आणि शिकारीचा दर गुणांनुसार चढत जातो. बून अँड क्रॉकेटच्या पुस्तकात या शिकारींना स्थान नाही. प्राण्याला निसटून जाण्याची खरी संधी हवी, ही त्या संस्थेची अट आहे. पण प्रश्न केवळ खिलाडूपणाचा नाही. हरणांच्या मेंदूला पोखरणारा 'क्रॉनिक वेस्टिंग' हा असाध्य रोग १९६७ मध्ये कोलोरॅडोतील बंदिस्त हरणांत प्रथम दिसला. आता तो अमेरिकेच्या ३० हून अधिक राज्यांत पोहोचला आहे. जिवंत हरणांची वाहतूक हे त्याच्या प्रसाराचे एक कारण मानले जाते. रोगाचे विकृत प्रथिन मेंदू आणि मज्जारज्जूत साठते. म्हणून अनेक राज्यांत शिकाऱ्याला अख्खे मस्तक सीमेपार नेता येत नाही. मेंदूचा अंशही न राहिलेला कवटीचा तुकडा, शिंगे आणि साफ केलेले कातडे एवढेच नेण्याची मुभा असते.

भारतातही कधीकाळी इंचांचीच भाषा चाले. लंडनच्या रोलंड वॉर्ड यांच्या १८९२ पासूनच्या विक्रमपुस्तकात येथील सांबर आणि बारशिंगे यांच्या शिंगांच्या लांबीच्या नोंदी आहेत, आणि म्हैसूरचा व्हॅन इंगेन यांचा कारखाना संस्थानिकांच्या शिकारींना विसाव्या शतकात जन्मभराचे रूप देत राहिला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते पर्व संपवले. कायद्याच्या लेखी सांबराचे सुटे शिंगही 'ट्रॉफी'च आहे. ते बाळगण्यास मुख्य वन्यजीव रक्षकाचे मालकी प्रमाणपत्र लागते आणि त्याची विक्री करता येत नाही. ज्यांनी जुन्या वस्तू जाहीर केल्या नव्हत्या त्यांना २००३ मध्ये १८० दिवसांची मुदत देण्यात आली होती. ती कधीच सरली. आजोबांच्या वाड्यातील प्रमाणपत्र असलेले सांबराचे मस्तक वारसाहक्काने नातवाकडे आले, तर त्याने ९० दिवसांच्या आत तसे वन खात्याला कळवावे लागते.